राहीबाई बसायला जायची

वेळकोंडच्या बौद्धवाडीत राहीबाईचं घर सगळ्यांच्या वर, डोंगराला पाठ लावून होतं. वाट चढून कुणी येताना दिसलं की हातातलं काम न सोडता ती विचारायची, "कोन गो? पानी पिऊन जा." येणारी बाई पाणी प्यायची, पडवीत टेकायची आणि मग बोलता बोलता जे सांगायला आलेली असायची ते सांगून टाकायची. राहीबाई मधे बोलत नसे. सुपातले खडे वेचत ऐकायची. शेवटी एवढंच म्हणायची, "बरं. मी येते बसायला."

हे बसायला जाणं कसं सुरू झालं, ते तिच्या घरापासूनच सांगायला हवं.

राहीबाईचं माहेर उमरठच्या बाजूचं. लग्न होऊन वेळकोंडला आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती, आणि धाकटा दीर केरू इतका लहान होता की भावाच्या वरातीत दमून नव्या वहिनीच्याच मांडीवर झोपला. वर्ष सरायच्या आत सासू गेली. राहीबाईचा नवरा नाथू मुंबईला गोदीत कामाला. जयंतीला आणि लावणीला तेवढा घरी यायचा. राहीबाईला मूल झालं नाही. तिने केरूलाच वाढवलं. त्याला गोवर आला तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून ती उशाशी बसून राहिली. शाळेत मास्तरांनी मागं बसवलं म्हणून तो रडत घरी आला, तेव्हा त्याचा हात धरून त्याला परत नेऊन पुढं बसवून आली. केरू तिला वयनी म्हणायचा, पण पोटात दुखलं की हाक आईची मारायचा आणि यायची राहीबाई.

केरूचं लग्न पोलादपूरकडच्या मंजुळेशी झालं. मंजुळा अंगानं किरकोळ, कामाला चपळ, आणि हसली की तोंडावर पदर धरायची. पहिलं वर्ष बरं गेलं. मग केरूला दारूची चटक लागली आणि तो हात उचलायला लागला. राहीबाईने त्याला समजावलं, रागावलं, एकदा जेवायला वाढलं नाही. तो वहिनीपुढं मान खाली घालून बसायचा आणि आपल्या घरी जाऊन पुन्हा तेच करायचा. दोन घरांच्या मधे फक्त कुडाची भिंत. राहीबाईला सगळं ऐकू यायचं.

शेवटी तिच्या मनानं घेतलं की चौकीत सांगावं. पोलिसानं जरा दम भरला की ताळ्यावर येईल. बाजाराच्या दिवशी ती मंजुळेला घेऊन खाली उतरली.

चौकीत हवालदार खुर्चीत रेलून पान खात होता. मंजुळेकडं त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नवरा मारतो? मग शेजाऱ्यानं मारायचं का?" तो आपल्याच बोलण्यावर हसला. मग म्हणाला, "बरं, जबानी घ्यावी लागेल. तू आत चल. तुझी जाऊ बसेल बाहेर."

राहीबाईने मंजुळेचं मनगट धरलं. "ती माझ्याबगर आत जायची नाय, सायेब."

"तू शिकवणार मला काम कसं करायचं?"

"नाय जी. पन ती घाबरते. काय लिवायचा तो हितंच लिवा."

हवालदाराने काही लिहिलं नाही. नाव विचारलं, घर विचारलं आणि जा म्हणाला. वाटेनं येताना मंजुळा एकदाच बोलली, "आक्का, तू हात सोडला असतास तर?" राहीबाई चालत राहिली. तिचा हात अजून मंजुळेच्या मनगटावरच होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस केरूला शेतातून घेऊन गेले. संध्याकाळी तो परत आला तो गुरासारखा हातापायांवर रांगत चढ चढला. तळपाय सुजून भाकरीसारखे झाले होते. राहीबाईने मीठ घालून पाणी तापवलं आणि त्याचे पाय शेकत बसली. ती रडत नव्हती. तोही रडत नव्हता.

"वयनी," तो म्हणाला, "तू मला तिथं धाडलंस?"

"तू मारतोस म्हनून."

"मी मारतो. व्हय. पन त्यांनी मला का मारला ते त्यांनापन ठावा नव्हता. हसत होते."

त्या पावसाळ्यात केरू लावणीला उभा राहू शकला नाही. मंजुळेने एकटीने चिखल तुडवला. पाय बरे झाले, पण चालताना तो डावीकडं झुकायला लागला, आणि दारू सुटायच्या ऐवजी वाढली. त्यावरही कडी म्हणजे हवालदाराला मंजुळेचं घर ठाऊक झालं होतं. तो चौकशीला म्हणून वर यायला लागला. यायचा तो केरू कामावर गेलेला असताना. कधी कोंबडी घेऊन जायचा, कधी नुसताच पडवीत बसून पाणी मागायचा आणि भांडं परत देताना मंजुळेची बोटं धरून ठेवायचा.

पहिल्यांदा ते राहीबाईच्या लक्षात आलं तेव्हा ती घरातलं सूप आणि पाटीभर भात घेऊन मंजुळेच्या पडवीत गेली आणि पाखडायला बसली. कोंडा हवालदाराच्या खाकीवर उडत होता. तो म्हणाला, "तिकडं जाऊन बस." राहीबाई म्हणाली, "हितं वारा बरा लागतो." तो थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

पुढच्या खेपेला राहीबाईबरोबर शेजारची चिमाबाई आली, तिच्या मांडीवर नातू. त्याच्या पुढच्या खेपेला खालच्या आळीतल्या बायका कुळीथ निवडायला आल्या. कुणी हवालदाराला काही बोललं नाही. पाणी दिलं, गूळ दिला, त्याच्या बायकामुलांची विचारपूस केली. त्याला उठताही येईना, बसताही येईना. पुढं तो त्या वाटेला येईनासा झाला.

चिमाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "राही, आपन नुसत्या बसलो गो, आनि तो पळाला."

"एकटीच कुनी बसली असती तर नसता पळाला," राहीबाई म्हणाली.

तेव्हापासून रीतच पडली. वाडीत कुठं कुणाचा आवाज चढला, कुणाची सून माहेरी जायचं म्हणून रडायला लागली, की राहीबाईला निरोप जायचा आणि बायका हातातलं काम घेऊन त्या घराच्या पडवीत जाऊन बसायच्या. भांडायला नव्हे, न्याय करायला तर नव्हेच. कुणी वाल सोलायचं, कुणी गोधडीला टाके घालायचं. आत जो पुरुष असेल त्याला बाहेर इतक्या बायका बसलेल्या असताना हात उचलायची लाज वाटायची. उठायचं कधी, हे घरातल्या बाईनं सांगायचं. ती म्हणाली की आता जा, की उठायचं. त्याआधी नाही. केरूच्या घरी तर राहीबाईला कितीदा जावं लागलं याची गणती नाही. ती बसली की तो भिंतीकडं तोंड करून पडायचा.

मग डोंगराखाली बिरवाडीच्या माळावर कारखाने यायला लागले. जिथं गुरं चरायची तिथं कुंपणं पडली, लांबलांबचे कामगार आले, बिरवाडीत खोल्या भाड्यानं जायला लागल्या आणि खोल्यांपाठोपाठ खानावळी निघाल्या. अशाच एका खानावळीत आवडी भांडी घासायला होती.

आवडी कुडपणची. डोंगरावर गुरं आणि नाचणी करणाऱ्या घरात मुलगा म्हणून जन्मली, चंदू नाव ठेवलं. पण समज आल्यापासून तिला आपण चंदू आहोत असं वाटलंच नाही. गुरांमागं जाताना ती रानफुलं केसात घालायची, बापानं बघितलं की मार खायची. मिसरूड फुटायच्या वयात एक दिवस तिने आईचं जुनं लुगडं नेसलं. बापानं तिला गोठ्यात बांधून घातली. सोडल्यावर ती डोंगर उतरली ती परत वर गेली नाही. आवडी हे नाव तिने स्वतःच ठेवलं. आजीचं होतं ते.

बाजारात काहीही हरवलं की पोलीस पहिल्यांदा आवडीला उचलायचे. तिने घेतलंय असं त्यांनाही वाटायचं नाही. पण उचलायला कुणीतरी लागायचं, आणि आवडीच्या मागून विचारत यायला कुणी नव्हतं. तिच्याकडून चौकी झाडून घ्यायचे, तिला नाचायला लावायचे, आणि आणखी जे करायचे ते तिने पुढं फक्त राहीबाईला सांगितलं. राहीबाईने ते कुणाला सांगितलं नाही.

राहीबाईला ती भेटली वाडीखालच्या काळ नदीवर. राहीबाई गोधड्या धुवायला गेली होती. सकाळचं ऊन पडलं होतं आणि वरच्या अंगाला पाण्यात कुणीतरी नेसत्या कपड्यानिशी बसलं होतं, गळ्यापर्यंत. डोक्यावरचे केस कुणीतरी जागोजाग भादरलेले. राहीबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिने हाक मारली.

"पानी थंड हाय. भायेर ये."

"माझ्या अंगावरचा फाटलाय," पाण्यातून उत्तर आलं. "उभी नाय राहू शकत."

राहीबाईने धुवायला आणलेल्यातलं एक सुकं लुगडं घेतलं, पाण्यात उतरली आणि आडोसा करून उभी राहिली. "नेस. मी तिकडं बघते."

आवडी नेसली. निऱ्या नीट बसल्या नाहीत. राहीबाईने वळून निऱ्या सारख्या करून खोचून दिल्या, जशा मंजुळेच्या लग्नात दिल्या होत्या. तेव्हा आवडी रडली.

"नाव काय तुजा?"

"आवडी."

"भाकरी खाल्लीस काय आवडी?"

ती मान हलवून नाही म्हणाली. राहीबाईने तिच्या डोक्यावर ओल्या गोधड्यांतली एक दिली आणि म्हणाली, "ही धर. चढ हाय, मला दोन नाय झेपत." खरं तर तिला चार झेपायच्या.

आवडी त्या दिवसापासून राहीबाईच्या घरी राहिली. वाडीत कुजबुज झालीच. विहाराचं काम बघणारे काशीरामदादा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. वाडीत त्यांचा शब्द मानत. ते संध्याकाळी राहीबाईकडं आले आणि पडवीत बसून चहा घेतला.

"राहीबाई, मी तुमचं मन जाणतो," ते म्हणाले. "पण आपण धम्म घेतला. देवीला सोडलेली माणसं, जोगते, हे सगळं आपण मागं टाकलं. आता तेच घरात आणायचं का? लोक काय म्हणतील?"

"ती देवीची नाय, दादा. तिच्या आयशीची हाय. आयशीनं सांभाळली नाय म्हनून हितं हाय."

काशीरामदादांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि उद्या पोलीस आले वाडीत तिच्यामागं?"

"आले तर बसू."

"तुम्ही सारखं बसू म्हणता. कायदा आहे या देशात. बाबासाहेबांनी आपल्या हातांनी लिहिलाय. आपण कायद्याला का भ्यायचं? तक्रार करायची ती रीतसर करावी."

"कायदा आपला हाय, दादा. त्याला कोन भितो?" राहीबाई म्हणाली. "पन चौकीत कायदा नाय बसत. हवालदार बसतो. मी मंजुळेला घेऊन गेले व्हते ना. मी बघितलाय."

आवडी आत चुलीपाशी बसून हे ऐकत होती. काशीरामदादा उठताना दारात थांबले, आत बघितलं आणि म्हणाले, "चहा चांगला केला होता बाई तू." त्यांनी तिला बाई म्हटलं, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी वाडीतल्या विहिरीवर आवडी पाण्याला गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही.

पोलीस आले ते शिमग्याच्या सुमाराला. खानावळीत जेवणाऱ्या कुणा फोरमनचं मनगटी घड्याळ हरवलं होतं. हवालदार आता दुसरा होता, वयानं लहान, पण त्यालाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की काही हरवलं की कुणाला उचलायचं. बरोबर एक शिपाई घेऊन तो भर दुपारी चढ चढून आला, घामाघूम.

वाट चढणारी खाकी दिसताच वाडीत निरोप फिरला होता, आणि आवडी पडवीत मधोमध बसली होती. तिच्या एका बाजूला राहीबाई, दुसऱ्या बाजूला मंजुळा, पुढं चिमाबाई, आणि मग पायऱ्यांवर, अंगणात, सारवलेल्या जमिनीवर वाडीतल्या बायका. कुणाच्या हातात विळी, कुणाच्या सूप. आवडी लसूण सोलत होती. तिची बोटं थांबत नव्हती.

"हिला चौकीत न्यायची आहे," हवालदार म्हणाला.

"कशापायी?" राहीबाईने विचारलं.

"चौकशी."

"मग करा की. ती हितंच हाय. काय विचारायचा तो विचारा. आमी गप बसतो."

हवालदाराने शिपायाकडं बघितलं. शिपाई अंगणाच्या कडेला सावली शोधत होता. पडवीत शिरायचं तर बायकांना ओलांडून जायला हवं होतं, आणि एकही बाई तसूभर सरकत नव्हती. मंजुळेने पाण्याचा तांब्या पुढं केला. तो प्यायला.

"घड्याळ तू घेतलंस?" त्याने आवडीला विचारलं.

"नाय जी. मी त्या दिवशी खानावळीत नव्हते. विहाराला रंग लावत व्हते."

"कोण होतं बरोबर?"

"मी," मागून आवाज आला. काशीरामदादा कचेरीतून लवकर आले होते, छत्री मिटून उभे होते. "मी होतो, साहेब. दिवसभर. तिच्या हातचा रंग अजून भिंतीवर ओला आहे. बघायचा तर चला."

हवालदार रंग बघायला गेला नाही. जाताना जरबेनं म्हणाला की लागलं तर पुन्हा येईन. तो वळणाआड झाल्यावर चिमाबाई म्हणाली, "आवडे, किती सोललास गो लसूण." परातभर लसूण सोलून झाला होता. बायका हसायला लागल्या, आणि हसता हसता आवडीला हुंदका आला तेव्हा मंजुळेने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

घड्याळाचं पुढं काय झालं ते वाडीला कधी कळलं नाही. आवडीला त्यानंतर चौकीत कुणी नेलं नाही.

पण सगळ्यात अवघड दिवस पुढंच होता, आणि तो बाहेरून आला नाही.

भात झोडायचे दिवस होते. सगळ्या बायका खळ्यावर. केरू सकाळपासून पिऊन घरी पडला होता. मंजुळा जेवण न्यायला म्हणून घरी गेली. किती वेळ झाला तरी येईना म्हणून आवडी बघायला गेली, आणि तिची हाक खळ्यापर्यंत ऐकू आली. राहीबाई धावत पोचली तेव्हा मंजुळा चुलीपाशी पडलेली होती, उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला. सरपणाचं लाकूड बाजूला पडलं होतं. केरू भिंतीला टेकून उभा होता, आणि आपण काय केलं ते जणू दुसऱ्या कुणी केल्यासारखं बघत होता.

डॉक्टरकडं नेऊन हाताला प्लास्टर घालून आणलं, मंजुळेला राहीबाईच्या घरी निजवलं. पुरुष केरूला विहारात घेऊन बसले होते. बायका राहीबाईच्या अंगणात जमल्या. आता मात्र सगळ्यांचं एक मत होतं.

"आता बसनं पुरं," चिमाबाई म्हणाली. "आज हात मोडला, उद्या जीव जाईल. द्या त्याला चौकीत."

विहारातून आलेले काशीरामदादाही म्हणाले, "मलाही तेच वाटतं. हा गुन्हा आहे."

सगळ्यांनी राहीबाईकडं बघितलं. तिच्या मनात काय होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने ज्याला मांडीवर निजवला होता त्याचा तिला त्या घटकेला इतका राग आला होता की त्याचे तळपाय पुन्हा सुजले तरी चालतील असं तिला वाटलं. ती हो म्हणायच्या बेतात होती.

तेवढ्यात आवडी बोलली. ती सहसा चारचौघांत बोलत नसे.

"माझा सांगते. मग तुमाला काय करायचा तो करा." तिने पदर सारखा केला. "मंजुळेचा हात मी धरून बसले व्हते. मला त्याची दया नाय. पन तिथं काय करतात ते मला ठावा हाय. तिथनं मानूस चांगला होऊन येत नाय. केरूभाव एकदा जाऊन आलाय, तो बरा झाला काय? आनि तो गेला की ते पुन्हा वर येतील. मंजुळेच्या दाराशी येतील, माझ्या येतील."

"मग त्याला मोकळा सोडायचा?" चिमाबाईने विचारलं.

"नाय. मोकळा नाय सोडायचा. पन तिला कुनी विचारलाय काय, तिला काय पायजेल?"

मंजुळेला खरंच कुणी विचारलं नव्हतं. राहीबाई उठून आत गेली. मंजुळा जागीच होती, छताकडं बघत.

"मंजुळे, तुला काय पायजेल गो?"

मंजुळेने मान वळवून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "झोप. मला झोपायचाय, आक्का. कोन येतो काय म्हनून कान न देता झोपायचाय. आनि त्यानं मला दिसू नये. मी सांगेन तवर."

"आनि त्याला?"

"त्यानं सांगावं. सगळ्यांफुडं, तोंडानं. मी पडले नाय, त्यानं मोडला, असा सांगावं."

राहीबाई बाहेर आली आणि तिने तसंच सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही.

केरूला त्याच दिवशी वाडीच्या खालच्या टोकाला काशीरामदादांच्या मळ्यावरच्या खोपीत ठेवलं. त्याच्याबरोबर वाडीतला एक ना एक पुरुष कायम असायचा, जेवायला, झोपायला, कामाला. केरू दारूच्या वाटेवर गेला की हा सोबती त्याच्याबरोबर चालायला लागायचा आणि परत घेऊन यायचा. पुरुषांना हे काम आवडलं नाही. श्रीपत म्हणून होता, तो कुरकुरला की आम्हाला आमची कामं नाहीत का. चिमाबाई त्याला म्हणाली, "आमी इतकी वर्सं बसलो, आमची कामा नव्हती?" तो पुढं कुरकुरला नाही, निदान तिच्यासमोर.

सांगायला केरूला वेळ लागला. पहिल्या पौर्णिमेला वाडी विहारात जमली तेव्हा तो उभा राहिला आणि तोंड उघडलं नाही. दुसऱ्या पौर्णिमेला म्हणाला, "चूक झाली." मंजुळा आपल्या मर्जीनं येऊन मागं आवडीजवळ बसली होती, तिने मान हलवली, हे नाही. त्यानंतर कधीतरी, थंडी सरत आली तेव्हा, तो पुन्हा उभा राहिला, आणि त्याने सांगितलं. लाकूड कुठलं होतं, ती काय म्हणाली होती, ती किती लहान दिसत होती ते. मग चौकीतलं सांगायला लागला, तळपायाचं, हसण्याचं.

राहीबाई आपल्या जागेवरून बोलली. "केरू, तो मी ऐकेन. रोज ऐकेन, घरी ये. माझ्यामुळं तू तिथं गेलास, तो माझ्याकडं हाय. पन तो येगळा आनि हा येगळा. आज मंजुळेचा सांग."

त्याने डोळे पुसले आणि मंजुळेचं सांगितलं.

मंजुळा त्याच्या घरी परत गेली नाही. वाडीतल्या काही जणांना वाटलं होतं की आता जाईल, एवढं सगळं झाल्यावर. ती म्हणाली, मी ऐकून घेतलं, पण मला तिथं झोप लागणार नाही. तिने आणि आवडीने बिरवाडीत खोली घेतली आणि पुढं स्वतःची छोटी खानावळ काढली. केरूचं पिणं पुरतं सुटलं असं नाही, पण कमी झालं. नाथू लावणीला आला की दोघे भाऊ मिळून शेत करायचे. रोज संध्याकाळी केरू वहिनीच्या पडवीत येऊन बसायचा. बोलायचा कधी, कधी नाही. ती त्याला वाढायची.

राहीबाईकडं दुसऱ्या वाड्यांमधूनही बायका यायला लागल्या. सवर्णांच्या गावठाणातली सुंदराबाई पहिल्यांदा आली ती मागच्या वाटेनं, कुणाला दिसू नये म्हणून. पुढं दिवसाढवळ्या पुढच्या वाटेनं यायची आणि पाणी मागून प्यायची. सगळ्याच ठिकाणी बसणं कामी आलं असं नाही. नदीपलीकडच्या कमळाबाईच्या घरी राहीबाई आणि चिमाबाई जाऊन बसल्या होत्या. सासरच्यांनी हसून चहा पाजला आणि त्याच आठवड्यात कमळाबाईला मुंबईला हलवलं. तिचं काय झालं ते कळलं नाही. नाथूला पत्ता काढायला सांगितला होता, पण मुंबईत कुठं शोधणार. कुणी राहीबाईची फार वाखाणणी करायला लागलं की ती कमळाबाईचं नाव काढायची आणि बोलणं तिथंच थांबायचं.

एकदा दुपारी राहीबाई बिरवाडीला गेली. औषध आणायला आली होती, वाटेत खानावळीत डोकावली. पाळीवरून सुटलेले कामगार जेवत होते. आवडी भात वाढत होती, "अजून घे रे, लाजतोस काय" म्हणत, आणि ती पोरं तिला आवडीताई म्हणत होती. मंजुळा पाट्यावर मसाला वाटत होती. मोडलेला हात थोडा वाकडा बसला होता, त्यामुळं ती वरवंटा डाव्या हातानं जास्त रेटायची.

"आक्का, बस," मंजुळा म्हणाली. "जेवून जा."

"मी कशाला गो. माझी भाकरी घरी हाय."

आवडीने ऐकलं नाही. भिंतीजवळचा पाट ओढला, ताट मांडलं, भात, वालाची आमटी, वर तळलेली सुकट. राहीबाई बसली. तिला आठवेना, शेवटचं कुणी आपल्याला असं बसवून कधी वाढलं होतं. पहिला घास घेतला. आमटी तिखट झाली होती, आणि फार चांगली झाली होती. ती सावकाश जेवली. ताटातला भात संपत आला तेव्हा तिने मान वर केली.

"आवडे," ती म्हणाली, "थोडा भात दे गो अजून."